मध्यस्थीचे आठ महिने आणि एक घंगाळ

काल चंदगडहून बहिणीचं सामान टेम्पोनं आलं. कपाट आलं, शिलाई मशीन आलं आणि आजीच्या घंगाळाच्या जागी उतरली एक कळशी. तेवढ्यावरून बहिणीच्या घटस्फोटातल्या मध्यस्थीबद्दल हे लिहायला बसलोय.

मध्यस्थी म्हणजे तटस्थ माणूस दोन्ही बाजूंशी बोलून तडजोड घडवायचा प्रयत्न करतो. बहिणीनं दावा इकडेच लावला. बायको राहते तिथल्या कोर्टात तो लावता येतो, त्यामुळे चंदगडच्या फेऱ्या वाचल्या. कोर्टानं केस मध्यस्थीकडे पाठवली. फी काही नाही. खर्च काय तो आमच्या कर्नाटकातल्या खानापुरातून बसचा. त्यातही बहिणीच्या आधारवर अजून सासरचा, म्हणजे महाराष्ट्राचा पत्ता. कंडक्टर म्हणाला, शक्तीचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या योजनेचं, फुकट तिकीट चालत नाही. पाच बैठका, दर वेळी दोन पूर्ण तिकिटं!

पहिल्या दोन बैठकांनंतर मी घरी सांगून टाकलं होतं, "परत नांदायला पाठवायचं नाटक आहे हे." चुकलो. तिसऱ्या वेळी मध्यस्थ वकीलबाईंनी आम्हा नातेवाइकांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि दोघांशी वेगवेगळं बोलल्या. तासाभरानं बहीण बाहेर आली. "दादा, पोटगी एकदमच घेऊन मोकळी होते. खरं, शिलाई मशीन मला पाहिजे." तीन वर्षांत तिनं स्वतःच्या तोंडानं काही मागितलं ते हेच. तोवर मागत होतो ते आम्ही.

पुढचं भराभर झालं. संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. मात्र 2017 च्या अमरदीप सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं ती मुदत माफ करता येते असं म्हटलंय. दोघं तीन वर्षं वेगळे राहत होते, तडजोड झालेली होती, त्यामुळे आमची माफ झाली.

आता घंगाळ. दोघांनी धरून उचलावं लागतं, दोन बाजूंना कड्या, काठावर आजीचं नाव कोरलेलं. मध्यस्थ बाई कन्नड घरातल्या, पण मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, सगळं बोलणं मराठीत झालं. तडजोडीचा कागद तेवढा इंग्रजीत. परत द्यायच्या सामानाच्या यादीत बारावी ओळ : 'कॉपर व्हेसल, वन.' मी बी.कॉम. झालेला माणूस, वाचलं आणि मान डोलावली.

आमच्या वकिलांना म्हटलं, बाईंनाच विचारा, त्यांच्यापुढंच घंगाळ ठरलंय. ते हसले. बैठकीतलं बोलणं गोपनीय असतं, मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही. या नियमामुळंच बहीण आत मोकळं बोलली, हे कळतं. तरी राग जात नाही. कळशी तांब्याचीच आहे आणि एकच आहे, म्हणजे कागदाप्रमाणे बरोबर!

कुणी जाणार असेल तर जरूर जा, आम्ही कोर्टात लढलो असतो तर अजून तारखाच घेत बसलो असतो. फक्त भांड्यांची यादी मराठीत लिहा, वजन, कोरलेलं नाव आणि फोटोसकट, आणि ती जोडल्याशिवाय सही करू नका. मध्यस्थीला पाचात चार गुण. एक घंगाळाचा कापला.

आईनं कळशी अजून उंबऱ्याच्या आत घेतलेली नाही. बहीण सकाळपासून मशीनला तेल घालतेय. तिला म्हटलं, नोटीस पाठवू या काय? ती वर न बघता म्हणाली, "घंगाळ तुलाच पाहिजे होतं की रे, दादा."