सुडोकूपॅड: तीन महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू, बाबांच्या पेन्सिलीसकट

आधीच सांगते, पेपरात रोज येतो तसा साधा सुडोकू सोडवायचा असेल तर या ॲपची काही गरज नाही, पेपरातला तो चौकोन आणि एक पेन्सिल पुरते. पण सुडोकूचे जे वेगवेगळे प्रकार निघालेत, बाणवाले, थर्मामीटरवाले, पिंजऱ्यांचे, घोड्याच्या चालीचे, ते सोडवायचे असतील आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः बनवायचे असतील तर सुडोकूपॅडसारखी गोष्ट मला तरी दुसरी सापडली नाही. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, लिंक उघडली की कोडं समोर.

आमच्याकडे हे आलं बाबांमुळे. बाबा रेल्वेतून रिटायर, रोज सकाळचा सुडोकू चहा थंड व्हायच्या आत संपवणारे. मे महिन्यात नागपूरची दुपार कशी असते ते सांगायला नको, बारा ते पाच पडदे ओढून कूलरसमोर बसायचं, तर या वेळेसाठी म्हणून मी बर्डीला, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवरून त्यांना सुडोकूचं एक जाडं पुस्तक आणून दिलं. आठ दिवस मजेत गेले आणि एका दुपारी बाबा पुस्तक घेऊन माझ्याकडे आले, म्हणे हे बघ, शेवटी चार घरं उरली, दोन आडव्या ओळी, दोन उभ्या, दोन डबे (म्हणजे नऊ नऊ घरांचे छोटे चौकोन), आणि चारही घरांत 2 किंवा 7. इकडे 2 तिकडे 7 टाका, नाहीतर उलटं टाका, दोन्ही बरोबर. मागे उत्तर मात्र एकच छापलेलं. बाबांना त्याचं खरंच वाईट वाटलं. म्हणाले, ज्याने बनवलं त्याने एकदा तरी स्वतः सोडवून बघायला पाहिजे होतं ना गं. कोणत्या प्रकाशनाचं ते लिहीत नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरी 'कोडं चांगलं कशाला म्हणायचं' हा विषय सुरू झाला तो अजून संपला नाही.

मग भाच्याने यूट्यूबवरचं क्रॅकिंग द क्रिप्टिक दाखवलं, सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ या दोघा ब्रिटिश माणसांचं चॅनल. 2020 च्या मे मधला तो प्रसिद्ध व्हिडिओ लावला, मिचेल ली याने बनवलेलं कोडं, अख्ख्या 81 घरांत फक्त दोन आकडे दिलेले, एक 1 आणि एक 2. बाबा म्हणाले काहीतरी राहिलं असेल छापायचं. मी सांगितलं की साध्या सुडोकूत कमीत कमी 17 आकडे द्यावेच लागतात, 16 मध्ये एकच उत्तर येणारं कोडं होऊच शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने 2012 मध्ये कॉम्प्युटरला सगळ्या शक्यता तपासायला लावून दाखवलं. मग 2 मध्ये कसं जमतं? तर नियमांमुळे. घोडा अडीच घरं चालतो तेवढ्या अंतरावर तोच आकडा नको, राजाच्या एका घराच्या चालीवरही नको, आणि शेजारी शेजारी 3-4, 7-8 असे लागून येणारे आकडे नकोत. म्हणजे आकड्यांऐवजी नियमच माहिती देऊन राहिले. हे बाबांना असं काही भावलं की त्या रात्री जेवताना पण तेच.

आता ॲपबद्दल. हे स्वेन न्यूमन नावाच्या माणसाने बनवलं आणि त्या चॅनलवर सायमन, मार्क याच्यावरच सोडवत असतात. घरात आकडा भरायचे तीन प्रकार आहेत, मोठा पक्का आकडा, कोपऱ्यात छोटा आकडा आणि मधोमध छोटे आकडे. पहिल्यांदा वाटतं दोन प्रकारचे छोटे आकडे कशाला, पण वापरलं की कळतं. कोपऱ्यातला म्हणजे 'या डब्यात हा आकडा या दोनतीन घरांपैकीच कुठेतरी', आणि मधला म्हणजे 'या घरात हे दोनतीन आकडेच येऊ शकतात'. दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि कागदावर आपण त्या एकाच गिचमिडीत लिहितो म्हणून गोंधळ होतो. बाबांनी हे शिकल्यावर आता कागदावरच्या सुडोकूतही तसंच लिहायला सुरुवात केली, त्यांच्या पेन्सिलीचं टोक त्यासाठी दिवसातून दोनदा तासावं लागतं. घरांवर बोट फिरवलं की एकदम आठदहा घरं निवडता येतात, आणि एका आकड्यावर दोनदा टॅप केलं की तो आकडा जिथे जिथे असेल ती सगळी घरं उजळतात. हे मला फार आवडतं. रंगही भरता येतात आणि रंगाचा उपयोग नुसता सजावटीचा नाही.

म्हणजे बघा, व्हिस्पर नावाची हिरवी रेष असते, तिच्यावर शेजारी असलेल्या दोन आकड्यांत कमीत कमी 5 चा फरक पाहिजे. एवढाच नियम. पण थोडं थांबून विचार केला की लक्षात येतं या रेषेवर 5 येऊच शकत नाही, कारण त्याच्या शेजारी 0 किंवा 10 लागेल. आणि मग आकडे एक लहान एक मोठा, एक लहान एक मोठा असेच जाणार, 1 ते 4 मधला एक, 6 ते 9 मधला एक. म्हणून लहानांना एक रंग, मोठ्यांना दुसरा, आणि एकही आकडा माहीत नसताना अर्धी रेष रंगून तयार. त्यात 4 असेल तर शेजारी फक्त 9, आणि 6 असेल तर शेजारी फक्त 1. रेषेच्या मध्ये 4 आला आणि त्याच्या दोन्ही बाजूची घरं एकाच डब्यात असली तर दोन्हीकडे 9 पाहिजे, म्हणजे झालं, 4 तिथून बाद. एका ओळीच्या नियमातून एवढं निघतं. आईला सुडोकूत काही रस नव्हता पण हे रंगवणं बघून ती पण येऊन बसली.

पिंजऱ्यांच्या प्रकारात, ज्याला किलर म्हणतात, तुटक रेषेच्या आत घरं असतात आणि त्यांची बेरीज दिलेली असते. यात सगळं 45 वर चालतं, कारण 1 ते 9 ची बेरीज 45, म्हणून एका डब्यातल्या पूर्ण पिंजऱ्यांची बेरीज 38 असली आणि एकच घर बाहेर उरलं तर त्यात 7. नागपुरात 45 चा आकडा पाठ करावा लागत नाही. थर्मामीटरमध्ये गोळ्यापासून टोकापर्यंत आकडे चढत जातात, हा सगळ्यात सोपा, शेजारच्या मुलीने दहा मिनिटांत शिकला. सुडोकू सोडून इतर कोडीही याच्यावर सोडवता येतात, पेनने घराच्या मधून किंवा कडेवरून रेष ओढता येते त्यामुळे स्लिदरलिंकसारखं बंद फासाचं कोडंही होतं. बाबांना ते आवडलं नाही, आकडे नाही तर मजा नाही म्हणतात, मला मात्र झोपायच्या आधी एक लागतंच.

आता काय खटकलं ते पण सांगते. फोन छोटा असेल तर बाणांची टोकं आणि कोपऱ्यातले आकडे वाचताना बाबांना चष्मा वरखाली करावा लागतो, म्हणून आम्ही टॅबवर नाहीतर लॅपटॉपवर उघडतो, लॅपटॉपवर शिफ्ट दाबून कोपऱ्यात आणि कंट्रोल दाबून मध्ये आकडा जातो ते फारच सोयीचं पडतं. दुसरं म्हणजे कोडी बनवणारे जगभरचे, त्यामुळे नियम बहुतेक इंग्रजीत लिहिलेले असतात. मी बाबांना मराठीत करून वहीत लिहून दिले, दोन पानांत सगळे प्रकार बसले. आणि कोड्यांची पातळी पाहून उघडा. चॅनलवरची बरीच कोडी तासभर तर सहज घेतात, पहिल्याच दिवशी तसलं उघडलं तर माणूस परत फिरकणार नाही.

पण मला खरं लिहायचंय ते बनवण्याबद्दल. बनवण्यासाठी आम्ही एफ-पझल्स वापरलं, तेही ब्राउझरमध्ये फुकट, त्यात बाण, रेषा, पिंजरे काढायचे आणि तिथून कोडं सुडोकूपॅडवर सोडवायला उघडायचं. बाबांच्या वाढदिवसाला मला नागपूरचं कोडं द्यायचं होतं. डोळ्यासमोर आमचं झिरो माईलचं स्मारक आलं, मध्ये खांब आणि चार घोडे. मग ठरवलं की अगदी मधल्या घरात गोल, त्यातून चार दिशांना चार बाण, आणि घोड्याच्या चालीचा नियम. बाणाचा नियम असा की बाणावरच्या आकड्यांची बेरीज गोलातल्या आकड्याएवढी. बाण ठसठशीत दिसावे म्हणून प्रत्येकी तीन घरांचे काढले. तपासलं तर उत्तर नाही. एक आकडा काढला, दुसरा हलवला, सगळे आकडे काढून टाकले, तरी उत्तर नाही. रात्री साडेबारापर्यंत बसले होते.

सकाळी तर्री पोह्याची प्लेट समोर असताना मी बाबांना नुसतं चित्र दाखवलं, सरप्राईज गेलं तर गेलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अगं हे होणारच नाही. डावीकडचे तीन आणि उजवीकडचे तीन एकाच ओळीत आहेत ना, म्हणजे सहाही आकडे वेगळे. सहा वेगळे आकडे कमीत कमी किती? एक दोन तीन चार पाच सहा, एकवीस. आणि मधे नऊ जरी ठेवला तरी दोन बाणांचे मिळून अठराच." झालं. माझी अख्खी रात्र आणि त्यांचं एक वाक्य. मी फक्त उत्तर आहे की नाही एवढंच तपासत बसली होती, का नाही हे विचारलंच नव्हतं.

मग बाण दोन दोन घरांचे केले. आता डावी उजवी मिळून चार वेगळे आकडे, कमीत कमी 10, म्हणजे मधला आकडा निदान 5. पाच ते नऊ काहीही चालेल असं आम्हाला वाटलं. आणि इथे घोड्याने कमाल केली. बाणांची पहिली चार घरं मधल्या डब्यात आहेत, तर ती एकमेकांपासून वेगळी. प्रत्येक बाणाचं बाहेरचं घर बाजूच्या दोन बाणांच्या पहिल्या घरापासून बरोबर घोड्याच्या चालीवर येतं, बोट ठेवून बघा, दोन घरं सरळ एक घर आडवं. आणि समोरच्या बाणाशी तर ते एकाच ओळीत आहेच. म्हणजे बाहेरचा एकही आकडा आतल्या चारांपैकी असू शकत नाही. याचा अर्थ चारही बाणांवर वेगवेगळ्या जोड्या पाहिजेत. आता 8 च्या जोड्या मोजा, 1-7, 2-6, 3-5, संपल्या, तीनच. 9 च्या? 1-8, 2-7, 3-6, 4-5. चार! म्हणून झिरो माईलच्या खांबाच्या जागी 9 आणि फक्त 9, आणि चार बाणांवर मिळून 1 ते 8 प्रत्येक आकडा एकदाच. एकही आकडा न देता.

हे बाबांनी शोधलं आणि मला ओट्याजवळ येऊन सांगितलं, मी कणीक मळत होती, तशाच हाताने टॅबसमोर जाऊन उभी राहिली. नुसत्या बाणांनी 9 निघत नाही, नुसत्या घोड्यानेही निघत नाही, दोघं भेटले की निघतो. माझ्या मते चांगला प्रकार हाच. कितीतरी कोड्यांत पाचसहा नियम एकावर एक लादलेले असतात आणि त्यातला एक काढून टाकला तरी काही फरक पडत नाही, ते मला आवडत नाही. इथे घोडे काढले तर खांब पडतो.

बाकीचं भरायला आम्हाला 12 आकडे द्यावे लागले. बाबांचा आग्रह होता की ते समोरासमोर सारखे मांडलेले पाहिजेत, जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनाच्या कोड्यांत असतात तसे. खरंतर हा खेळ पहिल्यांदा 1979 मध्ये अमेरिकेत डेल मासिकात 'नंबर प्लेस' नावाने आला, बनवणारे हॉवर्ड गार्न्स स्वतः रिटायर झालेले आर्किटेक्ट होते, हे कळल्यापासून बाबांचा उत्साह अजून वाढलाय. 1984 मध्ये निकोलीने तो जपानमध्ये नेला आणि सुडोकू हे नाव तिथलं. आपल्याकडेही हौशी लोक कमी नाहीत बरं का, 2017 ची जागतिक सुडोकू स्पर्धा बेंगळुरूला झाली होती, आणि लॉजिक मास्टर्स इंडियाच्या साइटवर ऑनलाइन स्पर्धा असतात, त्यात आपले हाताने बनवलेले वेगळे प्रकार सोडवायला मिळतात.

झिरो माईलची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली, अमरावतीच्या काकांनी दोन दिवस घेतले पण कोणाला काही न विचारता सोडवलं आणि फोन करून आधी 9 बद्दलच बोलले.

कोणी घ्यावं: ज्यांना पेपरातला सुडोकू आता हात आपोआप चालून सुटतो, त्यांनी नक्की. घरात रिटायर झालेलं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसून पहिले दोन दिवस शिकवा, लिंक पाठवून मोकळे होऊ नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा छोट्या स्क्रीनचा.

बाबा आता मेट्रोचं कोडं करून राहिले. ऑरेंज लाइन आणि ॲक्वा लाइन बर्डीला एकमेकींना ओलांडतात ना, तसंच. केशरी रेषेला शेजारच्या आकड्यांत निदान 4 चा फरक, या रेषेवर 5 चालतो पण त्याच्या शेजारी 1 आणि 9 च लागतात, म्हणून बर्डीच्या घरात 5 बसवायचा असं त्यांचं चाललंय. निळी रेष ज्या ज्या डब्यातून जाईल तिथे तिची बेरीज सारखी. विजेच्या बिलाच्या मागे चित्र काढून झालंय, पण काल रात्रीपर्यंत उत्तरं दोन येत होती, कोपऱ्यातल्या चार घरांत 3 आणि 8 अदलाबदल होतात, त्यामुळे त्यांनी अजून कोणाला दाखवलं नाही.