सोलापूरहून लेणी पाहायला निघताना: कार्ले-भाजे की अजिंठा-वेरूळ?

सोलापुरात कुणी लेणी पाहायला जायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं अजिंठ्याचं. कार्ल्याला आपल्याकडची माणसं जातात ती बहुधा एकवीरा आईच्या दर्शनाला, आणि भाज्याला जातात ती पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला. देवीचं दर्शन घेऊन, शेजारीच असलेल्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या स्तूपाच्या प्रार्थना-दालनात, पाऊलही न टाकता खाली उतरणारी कुटुंबं पाहिली की मला फार वाईट वाटतं. यंदा एकच सहल जमणार आहे आणि कुठे जायचं ते ठरत नाही, अशा घरांसाठी हे लिहितो आहे.

अंतराचा प्रश्न आधी मिटवू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. अजिंठा लांब आणि कार्ले जवळ, असं बरेच जण धरून चालतात. खरं तर पुण्यावरून कार्ले सुमारे तीनशे किलोमीटर पडतं, आणि तुळजापूर, धाराशिव, बीड या वाटेने छत्रपती संभाजीनगरही तेवढंच. तिथून वेरूळ तीसेक किलोमीटर. अजिंठा मात्र विरुद्ध अंगाला आणखी शंभर. म्हणजे एका बाजूला एक मुक्काम पुरतो, दुसरीकडे दोन तरी हवेत. पुण्याच्या बाजूला रेल्वेची मोठी सोय आहे: सोलापूर-पुणे गाड्या पुष्कळ, आणि पुढे पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे चालत गाठता येतं. संभाजीनगरला आपल्याकडून रस्ताच बरा.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला नेमकं काय पाहायचं आहे?

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत गेलात की खांबांकडे नीट पाहा: ते सरळ उभे नाहीत, वरच्या टोकाला आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरपे रोवत. इथे तर सगळा डोंगरच एकसंध, भार पेलायचा प्रश्नच नाही. तरीही कारागिराने तिरपा खांब कोरला, कारण त्याच्या हाताला आणि डोळ्याला तशाच इमारतीची सवय होती. दर्शनी भाग लाकडाचा होता, तो केव्हाच गेला. म्हणून पूर्ण दालन आज उघडं दिसतं आणि उजेड थेट स्तूपापर्यंत पोहोचतो. शेजारी चौदा लहान स्तूपांचा समूह आहे, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. घाईघाईत लोक तिथे फक्त फोटो काढतात. मी म्हणेन, दहा मिनिटं बसा. शिकवता शिकवता गेलेल्या भिक्खूंची ती स्मारकं आहेत.

तिथून गाडीने थोडक्यात कार्ले. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह हेच. उंची साधारण ४५ फूट. छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागेवर आहेत, आणि स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा. हे सगळं कुणाच्या पैशातून झालं, ते भिंतींवर आणि खांबांवर लिहिलेलंच आहे. वैजयंती नगराचा श्रेष्ठी, म्हणजे बडा व्यापारी, भूतपाल अभिमानाने नोंदवतो की हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे साऱ्या भारतखंडात, उत्तम आहे. धेनुकाकट गावचा एक अत्तरवाला दान देतो, त्याच गावचा सुतार आपलं काम नोंदवून ठेवतो, आणि कितीतरी खांब यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) दिलेले आहेत. एका राजाने हुकूम सोडला आणि लेणं उभं राहिलं, असं इथे घडलेलं नाही. कामकरी आणि व्यापारी माणसांनी वर्गणीसारखं ते उभं केलं. गिरणगावात वाढलेल्या मला कार्ले याच कारणासाठी सर्वांत जवळचं वाटतं.

पण एक गोष्ट आधीच घरच्यांना सांगून ठेवा. भाज्याच्या आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात पूजास्थानी बुद्धमूर्ती नाही, साधा स्तूप आहे. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दिसणाऱ्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरल्या गेल्या. आजीला बुद्धमूर्तीसमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचं असेल, तर ती इथे रिकाम्या मनाने परतण्याची शक्यता आहे. स्तूप हाच त्या काळचा बुद्ध, एवढं समजावून नेलं तर मात्र तिला तीच जागा जास्त भावेल.

अजिंठ्याला हाच स्तूप बदललेला भेटतो. १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत तो आहेच, पण त्याच्या पुढ्यात बुद्ध कोरलेला आहे. २६ मध्ये डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची मूर्ती, सात मीटर लांब, पहुडलेली. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदलेले देव. वेरूळच्या दहाव्या लेण्यात तर बुद्ध पाय खाली सोडून स्तूपाच्या पुढेच बसला आहे, इतका मोठा की मागचा स्तूप निम्मा झाकला जातो. त्याच लेण्यात वर पाहा: छताच्या कमानी दगडातच कोरल्या आहेत. कार्ल्याला ज्या लाकडाच्या आहेत, त्याच इथे पाषाणाच्या. लोक या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात. भाज्यापासून इथवर आठ-नऊशे वर्षं गेली, तरी लाकडाची आठवण कारागिरांच्या हातून सुटली नाही.

म्हणूनच माझं मत असं आहे की पुन्हा कधी जायला मिळणार असेल तर आधी कार्ले-भाजे, मग अजिंठा-वेरूळ. क्रमाने पाहिलं की पुढचं आपोआप कळत जातं. कुणी म्हणेल, अजिंठ्यात सातवाहनकालीन, म्हणजे भाजे-कार्ल्याच्या सुमाराची, ९ आणि १० क्रमांकाची लेणीही आहेत, मग दोन्ही काळ एकाच कड्यात दिसतात. खरं आहे. पण अजिंठ्याला पोहोचलेली माणसं चित्रांकडे धावतात, आणि दहाव्या लेण्यासमोर फक्त १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली एवढीच गोष्ट ऐकून पुढे जातात.

चित्रांविषयी मात्र तुलनाच नाही. पुण्याच्या बाजूला अजिंठ्याच्या तोडीचं काहीही दाखवता येणार नाही. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व, आणि सतराव्यातली जातकं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात हे काम बहराला आलं. भिंतीवर माती, भुसा आणि तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि कोरड्या पृष्ठभागावर रंग. मुलांना नेत असाल तर निघण्यापूर्वी घरी वेस्संतर जातक सांगा: आपला हत्ती, रथ, शेवटी मुलंसुद्धा देऊन टाकणारा राजपुत्र. गोष्ट माहीत असलेलं मूल सतराव्या लेण्यातून लवकर बाहेर येत नाही. गोष्ट माहीत नसेल तर त्याला अंधारातले पुसट रंग तेवढे दिसतात. फ्लॅश चालत नाही, आणि चालू नयेच.

आयुष्यात एकदाच जाणं होणार असेल, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं, तर मी माझा क्रम बाजूला ठेवून अजिंठाच सांगेन. चढही तसा सोसवतो: सुरुवातीच्या पायऱ्या संपल्या की घोड्याच्या नालासारख्या कड्यालगत वाट जाते, आणि डोली मिळते. खाजगी गाड्या फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे एसटीच्या बसने जावं लागतं, तेवढा वेळ धरा. कार्ल्याला सलग पायऱ्या आहेत, वर रविवारी आणि नवरात्रात एकवीरेच्या दर्शनाची गर्दी. गुडघे दुखणाऱ्यांना भाजे-कार्ले एकाच दिवशी जमणार नाही.

वेरूळला पहिली बारा लेणी बौद्ध. कैलास पाहून थकलेली माणसं तिकडे वळतच नाहीत, म्हणून उलटं करा: सकाळी पाचवं, दहावं आणि तीन मजली बारावं, मग कैलास. बाबासाहेब १९३४ साली सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदातल्या पाण्यावरून त्यांना अडवलं गेलं. त्या वाटेने जाताना मुलांना हे सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं.

वारांचा घोळ टाळा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी निघून सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा केलं तर शनिवार-रविवारची गर्दीही चुकते. भाज्याला जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, वाट निसरडी आणि माणसं धबधब्याची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे उत्तम.

यातलं काहीच जमणार नसेल तर एका दिवसात धाराशिव आणि तेर होतं. धाराशिवची लेणी आज जैन म्हणून ओळखली जातात, मुळात ती बौद्ध होती का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मात्र चैत्यगृहाच्या आकाराचं आहे, मागची बाजू अर्धगोल. कार्ले पाहण्याआधीची तयारी म्हणून ते जरूर पाहा.

आणि ज्यांचं नाशिकला जाणं होतं त्यांनी पांडवलेण्यांतलं दहावं लेणं चुकवू नये. तिथे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून दिली: दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हातमाग आणि यंत्रमागाच्या आपल्या शहरातून जाणाऱ्याने तो लेख पाहावाच. लेख ब्राह्मीत आहे, म्हणून त्याचं मराठी भाषांतर मिळवून सोबत न्या.