वाक्यारंभीचा स्वल्पविराम: काही महिने वापरल्यानंतर

वाक्याचा सुरुवातीचा भाग संपला की स्वल्पविराम, हा इंग्रजीतला नियम काही महिने मराठी मजकुरावर जसाच्या तसा लावून पाहिला. मजकूर मुख्यतः भाषांतरित लेख आणि माहितीपत्रकांचा. टाकलेल्यांपैकी बहुतेक चिन्हे शेवटी काढून टाकावी लागली.

मराठीत सुरुवातीचा भाग कुठे संपला हे प्रत्ययच सांगतो. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’, ‘2019 मध्ये पूल बांधला’, ‘हातपाय धुऊन तो जेवायला बसला’. इथे चिन्ह टाकले की वाचणारा विनाकारण थांबतो. ‘तथापि,’ हे तर थेट इंग्रजीचे उष्टे; ‘परंतु,’ ‘आणि,’ असे चिन्ह इंग्रजीतही सहसा नसते. विरामचिन्हे मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी, इंग्रजीवरूनच; म्हणून तिकडचे सगळे नियमही घ्यायचे असे थोडेच आहे!

संबोधनानंतर मात्र तो हवाच: ‘मुलांनो, आत या.’ होकार-नकारानंतरही हवा, कारण ‘नाही, जाणार’ आणि ‘नाही जाणार’ यांचे अर्थ उलट आहेत. जर-तर, जेव्हा-तेव्हा यांत तो दुसऱ्या शब्दाच्या आधी येतो: ‘जेव्हा वीज येईल, तेव्हा पंप लावा.’ ‘पाऊस आला तर, सामना रद्द’ ही सर्रास दिसणारी चूक. ‘जो येईल तो जेवेल’ इतक्या छोट्या वाक्याला चिन्ह लागत नाही.

खरा उपयोग दिसला तो धातुसाधितांपाशी, म्हणजे ‘दिलेली’, ‘आलेला’ अशा क्रियापदांपासून बनलेल्या शब्दांपाशी. ‘कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी दिलेली पुस्तके मुलांना वाटली.’ संपल्यावर काय झाले, अध्यक्षांनी पुस्तके दिली की मुलांना वाटली? ‘संपल्यावर’नंतर स्वल्पविराम दिला की तो भाग ‘वाटली’कडे जातो. ‘काल आलेला माल मोजला’ यातही तोच घोळ. पण मोठ्याने वाचताना किंवा घाईत हे चिन्ह निसटते, त्यामुळे शब्द हलवणे जास्त भरवशाचे: ‘अध्यक्षांनी दिलेली पुस्तके कार्यक्रम संपल्यावर मुलांना वाटली.’ ‘आलेला माल काल मोजला.’

तपासताना ‘मुळे,’ ‘नंतर,’ ‘साठी,’ ‘मध्ये,’ ‘ल्यावर,’ असे स्वल्पविरामासकट शोधावे. सरसकट बदल करू नये. ‘पावसामुळे, वाऱ्यामुळे आणि गारांमुळे’ अशा यादीतली चिन्हे उडतात. एकेक पाहून काढावे. चिन्हाआधी मोकळी जागा राहिली असेल तर तीही तेव्हाच काढावी, नाहीतर अरुंद स्तंभात स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसू शकतो.