अकरा वर्षांची जुनी गाडी: आठ महिन्यांनंतर

गाडी हातात आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जो खर्च केला, त्यातला निम्मा वाया गेला. कारण सोपं आहे. जे वाजत होतं ते आधी केलं, जे गुपचूप बसलं होतं ते मागे ठेवलं.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. घेतली तेव्हा ९८,००० किलोमीटर झाले होते, आज १,०७,००० च्या पुढे आहे. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची दोन-तीनच बिलं होती, तीही चार वर्षांपूर्वीची. बाकी सगळं तोंडी: ऑइल बदललंय, बेल्ट बदललाय, काही बघायची गरज नाही.

पुढून खडखड यायची. खड्ड्यात तर यायचीच, पण स्पीडब्रेकरवरून हळू गेलं तरी यायची. मेकॅनिकने शॉकअप म्हटलं आणि मीही लगेच मान डोलावली. पुढचे दोन्ही बदलले, खडखड होती तशीच! आवाज होता स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचा, अर्ध्या तासाचं काम. जुन्या शॉकअपमधून तेलही गळत नव्हतं, हे बदलल्यावर बघितलं. आधी बघायचं असतं.

ऑइल मात्र मी घरीच बदललं आणि त्यात माझीच फजिती झाली. जुना फिल्टर निघाला, पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. काळ्यावर काळं, दिसलीच नाही. त्यावर नवा फिल्टर बसवला, म्हणजे एकावर एक दोन रिंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं. गाडी चालवण्याआधी दिसलं म्हणून वाचले, नाहीतर दाबाने सगळं तेल बाहेर पडलं असतं आणि इंजिनही गेलं असतं. आता फिल्टर काढला की आधी त्याच्या तोंडाशी रिंग आहे ना ते बघते. ड्रेन प्लगचा (तेल सोडायच्या बुचाचा) वॉशरही दर वेळी नवा घालते. पहिलं ऑइल मुद्दाम ३,००० किलोमीटरवरच पुन्हा बदललं, कारण आतला जुना गाळ नव्या तेलात उतरतो. दुसऱ्या वेळचं तेल बरंच स्वच्छ निघालं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट, कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव. गाडी पहिल्यापासून 'थंड' चालायची. टेम्परेचरचा काटा शहरात मध्याच्या जरा खाली, हायवेवर तर आणखी खाली यायचा. मी खूश, इंजिन तापत नाही म्हणून. दोन महिने अशी खूश होते. मग इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला तर कोड पी०१२८. म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत चढतच नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन गरम झालं नाही की कॉम्प्युटर त्याला अजून थंडच समजतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. लिटरला साडेबारा किलोमीटर मिळत होते, तो बदलल्यावर चौदाच्या वर गेले. थर्मोस्टॅट हा एवढासा भाग, आणि मी मायलेज कमी का म्हणून दोन महिने टायरची हवा तपासत बसले होते.

त्या निमित्ताने कूलंट काढला तर तो तांबूस, गंजाचा. कोणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी भरत आलं होतं. पाणी गोठू नये एवढ्यासाठीच कूलंट असतो असं वाटत असेल तर तसं नाही. त्यातल्या रसायनांमुळे आतला धातू गंजत नाही आणि उकळबिंदूही वर जातो. दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काढलं, मग नवा भरला. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचाच, रंग बघून नाही. आणि हो, रेडिएटरचं झाकण गाडी पूर्ण थंड झाल्यावरच.

टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्यावर, मी फार विचार केला. माझं इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. मॅन्युअलमधली मुदत किलोमीटरची आणि वर्षांची, जी आधी येईल ती. "बदललाय" याला ना बिल, ना बॉनेटखाली स्टिकर. टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर ठेवणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंपासकट बदलून घेतला, कारण पंपापर्यंत पोचायला तेवढंच सगळं उघडावं लागतं. जुना बेल्ट हातात घेतला तर बरा दिसत होता. क्षणभर वाटलं, मालक खरंच बोलत होता. पंप गळायला लागला की जिथून कूलंट बाहेर येतो त्या भोकाखाली मात्र वाळलेल्या कूलंटचा ओघळ होता. पंप गळायला लागला होता हे नक्की, बेल्टचं कधीच कळणार नाही.

ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले, आत वाफ झाली, तर पेडल मऊ पडतं. मागच्या एका चाकाची ब्लीडर निपल (जुनं ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) गंजून तुटली आणि एका तासाचं काम दोन दिवस लांबलं. तरी हे काम पहिल्या आठवड्यात करायचं होतं, मी दीड महिन्याने केलं.

टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून बिनधास्त होते. मग बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचले: ३२१७. म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. रबर नखाने दाबलं तरी हलत नव्हतं, पावसात वळणावर गाडी सरकायची त्याचं कारण हेच. चारही बदलले. स्टेपनी बघायची राहिली, ती १११४ ची निघाली, गाडीच्याच वयाची, बहुतेक कधी खाली उतरलीच नव्हती.

एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, प्लग: बदलले, फार काही सांगण्यासारखं नाही. एसीच्या फिल्टरमध्ये मात्र वाळलेल्या पानांचा आणि कुणाच्या तरी पिसांचा आख्खा संसार होता. इंजिन धुणारं म्हणून जे औषध तेलात टाकलं, त्याने मला तरी काही फरक जाणवला नाही, पुन्हा घेणार नाही.

बॅटरी अजून जुनीच आहे. रात्रभर उभी राहिल्यावर मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो, गाडी चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे, म्हणून हात लावला नाही. गिअर ऑइल पुढच्या महिन्यात. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते, पण तिच्याकडे सध्या मी बघतच नाही.