मृत्युपत्र करून घेतलं, वकील मॅडमच्या कामाबद्दल सविस्तर (४ स्टार)

मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलांबद्दल आपल्याकडे कोणी रिव्ह्यू लिहीत नाही, विषयच घरात काढत नाहीत तर लिहिणार कोण, म्हणून मुद्दाम लिहितोय. मॅडमचं नाव टाकत नाही, पण काम कसं झालं ते सगळं सांगतो म्हणजे तुम्ही ज्या कोणाकडे जाल तिथे काय विचारायचं ते कळेल.

आधी बायकोने ऑनलाइन फॉर्म भरून मिळतं तसलं मृत्युपत्र बघितलं होतं. त्यात पहिल्याच पानावर फ्लॅट, एफडी, सोनं, शेअर्स आणि कुणाला किती टक्के. मॅडमनी पहिल्या भेटीत प्रॉपर्टीचा विषयच काढला नाही. कोरा कागद घेतला, मधोमध माझं नाव लिहिलं आणि विचारत गेल्या, आई आहेत का, वडील आहेत का, भावंडं किती, मुलं किती, कोणी दत्तक आहे का. मग त्याच कागदावर दाखवलं की काहीच न करता मी गेलो तर काय होईल. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर, माझ्या कमाईचा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे तो बायको, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांत सारखा वाटला जातो, प्रत्येकी पाव. आईचं नाव यात येतं हे आमच्या आख्ख्या खानदानात कुणाला माहीत नव्हतं, सगळ्यांच्या डोक्यात नवऱ्याचं सगळं बायकोचं एवढंच. पुढे आईने मृत्युपत्र केलं नाही तर तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांना, म्हणजे माझा भाऊ, बहीण आणि माझ्या वाट्याचं माझ्या मुलांना. थोडक्यात भाऊ आणि बहीण माझ्या फ्लॅटचे प्रत्येकी बाराव्या हिश्श्याचे मालक, आणि बायकोला फ्लॅट विकायचा झाला तर दोघांच्या सह्या नाहीतर हक्कसोडपत्र. माझे भाऊबहीण सोन्यासारखे आहेत पण उद्या त्यांच्या पश्चात त्यांची मुलं, सुना, जावई आले की प्रत्येकाच्या मागे सहीसाठी कोण फिरणार? बायको त्या कागदाकडे बघून गप्पच झाली होती. खरं सांगायचं तर त्या एका कागदासाठीच फी वसूल झाली.

आईला बाजूला काढायचं असं आमच्या मनात अजिबात नव्हतं आणि मॅडमनीही तसं सुचवलं नाही. आईला याच घरात शेवटपर्यंत राहायचा हक्क, तिच्या औषधपाण्यासाठी एक एफडी वेगळी आणि मालकी बायकोकडे, असं स्पष्ट लिहिलं. बायकोच्या बाबतीत "तिने हयातभर वापरावे, नंतर मुलांना" असं बरेच जण लिहितात, ते मॅडमनी लिहू दिलं नाही, म्हणाल्या बाईला पूर्ण मालकी मिळाली का फक्त राहायचा हक्क यावरूनच कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालतात, द्यायचं तर मोकळ्या मनाने द्या.

नॉमिनेशनबद्दल पण छान समजावलं. माझा मेव्हणा सांगत होता नॉमिनी लावलाय ना मग कशाला पाहिजे मृत्युपत्र. तर तसं नसतं, बँकेत नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण ते वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नाही. आणि हाउसिंग सोसायटीत नॉमिनी फक्त प्रोव्हिजनल मेंबर होतो, वारस ठरेपर्यंत. विमा तेवढा वेगळा, २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर सहसा पैसे त्यांचेच होतात. मॅडमनी सगळ्या खात्यांचे नॉमिनी मृत्युपत्राशी जुळवून घ्यायला लावले, नाहीतर बँक एकाला देणार आणि कागद दुसऱ्याचं नाव सांगणार.

सह्यांच्या दिवशी मात्र एकदम कडक. दोन साक्षीदार, दोघंही माझ्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काहीही मिळणार नाही असे. मी सही केली ती दोघांनी समोर बसून बघितली, मग त्यांनी माझ्यासमोर केली, पान नंबर घालून प्रत्येक पानावर. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना वाचून दाखवायची गरज नसते हे मला फार बरं वाटलं, कारण एक साक्षीदार शेजारचाच होता. मी शुद्धीत आणि समजून सही करतोय असं फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेटही त्याच दिवशीच्या तारखेचं घेतलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण आम्ही सब-रजिस्ट्रारकडे करून घेतलं, नंतर "ही सही बाबांची नाहीच" म्हणणाऱ्याला जरा अवघड जातं.

आता एक स्टार कापला तो का. पहिला ड्राफ्ट इंग्रजीत आला, तोही वकिली इंग्रजीत, आई आणि बायको दोघींना कळेना. मराठीत पाहिजे म्हटल्यावर दिला पण वेळ लागला, आणि त्यात गावच्या जमिनीचा गट नंबर चुकीचा होता, बायकोने सातबारा शेजारी ठेवून वाचलं म्हणून सापडला. तो तसाच राहिला असता तर तलाठ्याकडे फेरफार घालताना मुलांना केवढा मनस्ताप झाला असता. गावच्या जमिनीची अजून वाटणी झालेली नाही तरी माझ्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्रात लिहिता येतं हे पण मॅडमनीच सांगितलं, म्हणजे ज्ञान पक्कं आहे, टायपिंग करणाऱ्या माणसाकडे लक्ष नाही. फोनही उचलत नाहीत, मेसेज टाकला तर संध्याकाळी उत्तर येतं. आणि फीमध्ये रजिस्ट्रेशनला सोबत येणं धरलेलं नव्हतं, ते आधी लिहून घ्या.

बायकोचं मृत्युपत्र पण त्यांच्याकडेच करतोय. तिच्या नावावर माहेरकडून आलेलं थोडं आहे, आणि बाईच्या मालमत्तेचे नियम वेगळे आहेत, मूलबाळ नसेल तर आईवडिलांकडून वारशाने आलेलं माहेरी जातं आणि स्वतः कमावलेलं मात्र नवरा नसेल तर सासरच्यांकडे, तिच्या आईवडिलांच्याही आधी. ज्या मुली एकट्या राहतात, नोकरी करतात, विधवा आहेत त्यांनी तर थांबूच नका, वय तिशीचं असलं तरी जाऊन या.