अँजिओग्राफीच्या टेबलावर घेतलेली सही

गावातल्या मोफत हृदय तपासणी शिबिरात बाबांचा ईसीजी काढला आणि लगेच शहरातल्या हॉस्पिटलची चिठ्ठी हातात दिली. अँजिओग्राफी स्वस्त पॅकेजमध्ये करून मिळणार होती. बाबांच्या छातीत दुखत नाही, दम लागत नाही, रोज मळ्यापर्यंत चालत जातात. साखर आहे तेवढी. तपासणीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात, त्या डायचा ताण किडनीवर येऊ शकतो, म्हणून साखरेच्या पेशंटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघतात. तेही मी म्हटल्यावर बघितलं.

तपासणीला माझा विरोध नाही. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी नेतात, डाय सोडतात आणि एक्स-रेवर फिल्म घेतात. भूल सहसा तेवढ्या जागेपुरतीच. फसवणूक झाली ती तपासणी संपून उपचार, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी (स्टेंट) बसवणं, सुरू होण्याच्या मधल्या काही मिनिटांत.

बाबा आत टेबलावर. मला कॅथलॅबच्या, म्हणजे ही तपासणी करतात त्या खोलीच्या, दाराशी बोलावून स्क्रीनवर एक जागा दाखवली. "नव्वद टक्के ब्लॉक आहे, कधीही अटॅक येईल. आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, परत टोचायला नको." घरी विचारतो म्हटलं, तर "पेशंट टेबलावर आहे, विचार कसला करताय?" फॉर्म तयारच होता. सही झाली.

बिलात स्टेंटची किंमत अगदी नियमात. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये ठरले होते. म्हणजे तिथे हात मारता येत नाही. आमच्या बिलाचा फुगवटा बलून, गायडिंग कॅथेटर, वायर आणि 'कन्झ्युमेबल्स' (वापरून टाकायच्या वस्तू) अशा ओळींत होता.

अँजिओग्राफीच्या फिल्मची सीडी मागितली तर टोलवाटोलवी. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे वाक्य घालून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग मिळाली.

दुसऱ्या कार्डिऑलॉजिस्टनी फिल्म पाहिली. त्यांच्या मते अडथळा जेमतेम निम्मा. अशा मधल्या ब्लॉकला नुसत्या नजरेच्या अंदाजावर स्टेंट टाकू नये. एफएफआर करतात, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक वायर घालून अडथळ्यापुढे दाब किती उतरतो ते मोजतात. ०.८० पेक्षा जास्त आलं तर सहसा गोळ्यांवर भागतं. बाबांचं हे मोजलंच नव्हतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासातही, दुखणं स्थिर असलेल्या पेशंटमध्ये आधीच अँजिओग्राफी-स्टेंटकडे गेल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले पेशंट त्या अभ्यासात नव्हते. आणि अटॅक चालू असेल तर गोष्टच वेगळी: तिथे मिनिटं मोलाची, दुसरं मत शोधत बसू नका.

बाकीच्यांनी अँजिओग्राफीच्या संमतीपत्रावरच 'फक्त तपासणी, स्टेंट नाही' असं स्वतःच्या हाताने लिहावं. निदानासाठी दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. नळी काढून, फिल्म घेऊन घरी जाता येतं. दुसऱ्यांदा टोचावं लागलं तरी चालेल.

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली आहे. टाकलेला स्टेंट काही काढता येत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मनाने बंद केल्या तर त्यातच गुठळी होण्याची भीती, त्यामुळे आता बाबांची दाढ काढायची तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला विचारावं लागतं.