स्लोचा स्क्रू फिरवला आणि नव्या व्हॉल्व्हचं बिल लावलं

सिग्नलला गाडी उभी होती. गिअर न्यूट्रल, पाय ब्रेकवर, ॲक्सिलरेटरला स्पर्शही नाही, आणि आरपीएमचा काटा १५०० वर. दोन सेकंदांत ११००, लगेच पुन्हा १६००. इंजिन तापलेलं होतं, एसी बंद होता. या गाडीचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, गरम इंजिनावर ७५० असतो आणि वर्षानुवर्षं तिथेच होता. आदल्याच दिवशी मी ती गॅरेजमधून आणली होती.

काम साधं होतं. इनलेट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खालून जाणारा पाण्याचा पाईप गळत होता. तिथे हात पोचण्यासाठी थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबला की जिच्यातली चकती उघडून इंजिनात हवा सोडते ती नळी) आणि मॅनिफोल्ड उतरवावं लागलं. काढलंच आहे म्हणून थ्रॉटल बॉडी साफ केली, नवीन पॅकिंग घातलं. पाण्याची गळती थांबली. ते काम त्यांनी नीट केलं, हे मी आजही म्हणते. फसवणूक झाली ती त्यानंतर, आणि ती कशी झाली ते सविस्तर लिहिते आहे, कारण मला जे जे सांगितलं गेलं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एरवी खरी असते. म्हणूनच मी इतके दिवस गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, बॅटरी काढली होती ना, कॉम्प्युटर सगळं विसरलाय. आठ दिवस चालवा, आपोआप शिकेल."

हे घडतं. थ्रॉटलच्या कडेला वर्षांनुवर्षं काजळी साचते आणि कॉम्प्युटर त्या काजळीसकट हवेचा हिशोब बसवून घेतो. काजळी निघाली की तेवढ्याच उघडझापीत जास्त हवा आत जाते आणि स्लो काही काळ चढा राहतो. बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांचा हा शिकलेला हिशोब पुसलाही जातो. पण तो परत बसायला आठ दिवस लागत नाहीत. काही गाड्यांत इंजिन गरम करून, एसी-दिवे बंद ठेवून, ॲक्सिलरेटरला हात न लावता काही मिनिटं चालू ठेवलं की काम होतं, काहींना दोन-चार फेऱ्या लागतात, काहींना स्कॅनर लावून शिकवावं लागतं. मुख्य म्हणजे शिकत असलेल्या गाडीचा स्लो हळूहळू खाली येताना दिसतो. माझा पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आठव्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. यावेळी उत्तर तयार होतं: "स्लोचा व्हॉल्व्ह गेला. तो थ्रॉटल बंद असताना बाजूने हवा देतो. अडकला की रेस राहते." हेही खरंच. गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी दिली. दिवा विझलेला, स्लो ११००. बिलावर नवीन व्हॉल्व्ह, बसवण्याची मजुरी आणि "स्लो सेटिंग" असं वेगळं लावलेलं. जुना व्हॉल्व्ह मागितला तर "कचऱ्यात गेला" म्हणाला. ११०० का, ७५० का नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "जुनी गाडी आहे, एवढं राहणारच." मी पैसे दिले आणि निघाले.

चार दिवसांत दिवा परत आला. त्याबरोबर एक नवी गोष्ट सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबायला गेलं की आधी काहीच होत नसे, जरा जोर लावावा लागे, मग एकदम सुटल्यासारखा तो उघडे. पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून गाडी इंचाइंचाने पुढे घेत होते तेव्हा ती अशीच सुटली. ब्रेकवर पाय पोचला म्हणून थांबली. बंपर आणि भिंत यांत वीतभर अंतर उरलं होतं. मधे माणूस असता तर, हा विचार आला आणि मी गाडी तिथेच बंद करून बराच वेळ बसून राहिले. तोवर प्रश्न पेट्रोलचा आणि आवाजाचा वाटत होता.

मग ओळखीतून एका वयस्कर मेकॅनिककडे गेले. त्या काकांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं, पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबले आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर लावून मला शेजारी बोलावलं. कोड दोन होते: पी०५०७, म्हणजे स्लो अपेक्षेपेक्षा जास्त, आणि पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मग त्यांनी चालू आकडे दाखवले. स्लोच्या व्हॉल्व्हपुढे ० होता. म्हणजे कॉम्प्युटर त्याला पूर्ण बंद हो म्हणतोय, तरी इंजिन ११०० वर. मी म्हटलं, म्हणजे व्हॉल्व्ह अडकलाय? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खालचा आकडा दाखवला. कॉम्प्युटर स्लोवर बावीस टक्के जादा पेट्रोल देत होता. रेस करून २५०० वर धरली तर तोच आकडा पाचवर आला.

हे त्यांनी ज्या पद्धतीने समजावलं ते मी विसरणार नाही. व्हॉल्व्हमधून जाणारी हवा आधी आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरसमोरून जाते, म्हणून ती मोजलेली असते. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर स्लो वाढतो, पण पेट्रोलचा हिशोब चुकत नाही. इथे हिशोब चुकतोय, म्हणजे न मोजलेली हवा सेन्सरच्या पुढे कुठून तरी आत शिरतेय. आणि रेसवर चूक कमी दिसते, कारण तेव्हा इंजिन भरपूर हवा घेतं आणि चोरवाटेची हवा त्यात थोडीच ठरते. "गाडी हवा खातेय," ते म्हणाले.

मग मॅनिफोल्डला लागणारा एकेक व्हॅक्यूम पाईप ते पकडीने, फडकं मधे धरून, हलकेच दाबत गेले. ब्रेकच्या बूस्टरचा दाबला, काटा जागचा हलला नाही. दुसरा दाबला, काही नाही. थ्रॉटल बॉडीच्या पोटाखाली इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या पाईपचा रबरी कोपरा होता. तिथे पकड पोचेना. त्यांनी दोन बोटं घालून तो दाबून धरला. सूं असा बारीक आवाज होता तो थांबला, तेव्हा कळलं की इतके दिवस तो येत होता. इंजिन धडधडून बंद पडायच्या बेतात आलं, सावरलं आणि ७५० च्या आसपास थांबलं. (हीच गळती स्प्रे मारूनही शोधतात. पण तो स्प्रे ज्वालाग्राही असतो आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यामुळे घरी कुणी करू नये.)

इंजिन थंड झाल्यावर तो कोपरा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. रबर वाळून कडक झालेलं, खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढी चीर. आणि त्या चिरेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. तेलाने आणि उष्णतेने तिचा डिंक सुटला होता, शेवटचा वेढा लोंबत होता. मॅनिफोल्ड उतरवताना जुनं रबर ओढलं की फाटतं, यात कुणाचा फारसा दोष नाही. पण टेप आपोआप गुंडाळली जात नाही. हवा कुठून जातेय हे तिथल्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टेप लावलेली बाजू खाली करून पाईप बसवला, आणि मला सांगितलं की कॉम्प्युटर शिकतोय.

"नवीन" व्हॉल्व्हही काकांनी काढून दाखवला. टोक चकचकीत, पण आतल्या खाचांत जुनी काजळी तशीच घट्ट. प्लॅस्टिकवर साच्यातच उमटलेली तारखेची बारीक चकती होती, तिच्यावर ०८. माझी गाडी २००९ ची. गाडीबरोबर आलेलाच व्हॉल्व्ह स्प्रेने धुऊन परत लावला होता आणि त्याचे नव्याचे पैसे घेतले होते.

आणि "स्लो सेटिंग" म्हणजे थ्रॉटलच्या लिव्हरला टेकणारा अडसराचा स्क्रू. कारखान्यातून तो बसवून त्यावर रंगाचा ठिपका मारलेला होता. तो ठिपका तडकलेला, मळीवर पान्याचे ताजे ओरखडे. कार्बोरेटरच्या गाड्यांत स्लोचा स्क्रू फिरवणं हाच उपाय असे, गरम इंजिनावर, चोक उघडा ठेवून. त्या हाताच्या सवयीवर लोकांचा विश्वास बसतो. इंजेक्शनच्या गाडीत मात्र स्लो कॉम्प्युटर ठरवतो. हा स्क्रू असतो तो थ्रॉटलची चकती नळीच्या भिंतीत घुसून अडकू नये म्हणून. चोरवाटेची जादा हवा लपवायला त्याने तो मागे घेतला होता, म्हणून चकती भिंतीत रुतत होती, म्हणूनच पेडल आधी अडायचं आणि मग सुटायचं. माझी गाडी भिंतीकडे झेपावली ती यामुळे. पैशांचं मी विसरेन, याला मात्र मी माफ केलेलं नाही.

काकांनी नवा कोपरा घातला. चकती अडकणार नाही इतपत स्क्रू पुढे घेतला, थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवलं, मग कोड पुसून गाडीला स्लो शिकवला. वीसेक मिनिटांचं काम.

पहिल्या गॅरेजवाल्याने दिवा विझवून गाडी दिली होती, याचाही अर्थ मला आता कळतो. कोड पुसला की दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो आणि गाडीने आपल्या तपासण्या पुन्हा पूर्ण केल्या की दिवा परत येतो. दुरुस्तीनंतर तुमचा स्लो चढा असेल तर कोड पुसण्याआधी त्याचा आणि चालू आकड्यांचा फोटो मागा. पार्ट बदलायचा म्हणाले तर काम सुरू होण्याआधीच सांगा की जुना परत हवा, आणि नव्याचं खोकं पाहा. कुणी सरळ स्क्रूला हात घालू लागला तर त्याला थांबवून विचारा, हवा कुठून येतेय ते बघितलं का? थ्रॉटलची केबल फार ताणली असेल, पाण्यात हवा अडकून तापमानाचा सेन्सर इंजिन थंड सांगत असेल, तरीही स्लो चढतो. ही कारणं तपासायला पार्ट बदलावा लागत नाही.

मी टेपवाला कोपरा, व्हॉल्व्हचे फोटो आणि बिल घेऊन परत गेले. तो आधी म्हणाला, "तुम्ही बाहेर दाखवलंत, आता आमची जबाबदारी नाही." मी कोपरा काउंटरवर ठेवला. त्याने टेपकडे पाहिलं आणि आतल्या मुलाला हाक मारता मारता थांबला. व्हॉल्व्हचे पैसे परत दिले. मजुरी दिली नाही, चूक झाली असंही म्हणाला नाही.

गाडी आता ७५० वर उभी राहते. अडसराच्या स्क्रूवर काकांनी पिवळ्या रंगाचा नवा ठिपका मारलाय. कुठूनही गाडी आणली की बोनेट उघडून मी आधी तो बघते.